मोतिया की हस्तिदंती?

मोतिया आणि हस्तिदंती या भिंतीच्या दोन रंगांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आधी मान्य करा. दिसत नसेल तर दोष तुमच्या डोळ्यांचा. शेडकार्डावरच्या त्या टपाल तिकिटाएवढ्या दोन चौकोनांकडे टक लावून बघत बसा. पंधराव्या मिनिटाला फरक दिसू लागतो. विसाव्या मिनिटाला तो कार्डाच्या कोऱ्या कडेतही दिसतो.

त्या तिकिटावरून अख्ख्या घराचा निकाल लावा. भिंतभर पसरला की तोच रंग जास्त भडक वाटतो, समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकतात, अशी कुरकुर रंगारी करील. करू दे. तो नुसत्या भिंती रंगवतो, आपण व्हिडिओ बघितलेत.

उजेडाचं तंत्र मात्र सांभाळा. निवड 6500 केल्विनच्या पांढऱ्याफेक दिव्याखाली करायची आणि घरात लावायचे 2700 केल्विनचे पिवळसर दिवे. म्हणजे संध्याकाळी हस्तिदंती भिंतीला कावीळ झाली की 'डबाच बदलला' असं म्हणत भांडायला आपण मोकळे. एका दिव्याखाली जुळलेले पडदे आणि भिंत दुसऱ्या दिव्याखाली फारकत घेतात, त्याला मेटामेरिझम म्हणतात. शब्द पाठ करून ठेवा, समोरचा गप्प होतो.

नमुना लावून बघायचाच असेल तर जुन्या हिरव्या भिंतीवर थेट एक हात मारा आणि ओला असतानाच ठरवा. इमल्शन वाळल्यावर सहसा थोडं गडद होतं, पण तोवर थांबतो कोण? पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन हात देऊन, वाळवून, तो सकाळ-संध्याकाळ या भिंतीवरून त्या भिंतीवर टेकवत फिरणं हे भित्र्या माणसांचं काम. शिवाय त्यातून उत्तर मिळण्याचा धोका असतो.

आता फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका. पांढरं कशाला म्हणायचं हे फोनचा कॅमेरा स्वतःच्या अकलेने ठरवतो, पुढे प्रत्येकाचा स्क्रीन आपापली भर घालतो. म्हणजे अकरा जण अकरा वेगळ्या भिंती बघून मत देणार. 'दोन्ही सारखेच दिसतायत' म्हणणारा एखादा निघतोच. त्याला उत्तर देऊ नका. अशा माणसाला सौंदर्यदृष्टी नसते.

मी स्वतः तीन आठवडे घालवून हस्तिदंती ठरवला. आल्यागेल्याला हॉलमध्ये उभं करून त्यातली ऊब समजावून सांगितली; मोतिया कसा थंड, परका वाटला असता, तेही सांगितलं. आठ महिन्यांनी खिळ्याचं भोक बुजवायला माळ्यावरून उरलेला डबा काढला. झाकणावर वाळलेले ओघळ होते, ते नखाने खरवडले. खाली लिहिलं होतं: मोतिया.

डबा परत माळ्यावर ठेवलाय, अगदी मागे. भोकावर कॅलेंडर लावलंय.