तिथं कुणीतरी उभं करा की!

लांब पोस्ट आहे, आधीच सांगतो. अमेरिकन फुटबॉलशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांनी इथूनच खाली सरकावं, राग मानणार नाही. आमच्या मिशिगनवाल्या ग्रुपवर बचावाच्या डावपेचांवरून पुन्हा शिव्यांचा पाऊस सुरू आहे आणि मला सारखा २०१८ चा तो शनिवार आठवतोय.

२४ नोव्हेंबर. थँक्सगिव्हिंग होऊन दोन दिवस झालेले. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट ही दोन विद्यापीठांच्या कॉलेज संघांची लढत वर्षानुवर्षं याच शनिवारी भर दुपारी १२ वाजता सुरू होते. हे दोघे १८९७ पासून भांडतायत. इकडे नुसतं 'द गेम' म्हटलं तरी कुठला ते कुणी विचारत नाही. मिशिगनमधल्या नोवायला आमच्या बेसमेंटमध्ये चार घरं जमली होती. खाली मिसळीचं पातेलं, पोरगं डोक्यावर पिवळी टोपी घालून टीव्हीपासून हातभर अंतरावर, आणि कोपऱ्यात आमची आई परातीत मटार सोलत. सहा महिन्यांसाठी मिरजेहून आली होती, परतीचं तिकीट डिसेंबरचं होतं.

त्या वर्षी आम्ही हवेत होतो. पहिला सामना नोत्र दामशी हरलो आणि त्यानंतर सलग १० जिंकलो. विस्कॉन्सिन, मिशिगन स्टेट, पेन स्टेट, आदल्या वर्षी ज्यांनी ज्यांनी मारलं होतं त्यांना एकेक करून गाठलं. पोरांनी त्याला 'रिव्हेंज टूर' असं नावही दिलं होतं. देशात चौथा क्रमांक आणि यार्डांच्या हिशोबात देशातला एक नंबरचा बचाव. उलट ओहायो स्टेटनं परड्यूकडून ४९-२० असा मार खाल्ला होता आणि आदल्याच आठवड्यात मेरीलंडविरुद्ध ५२-५१ असा कसाबसा जीव वाचवला होता. म्हणजे कधी नव्हे ते पारडं आमच्याकडं झुकलेलं.

निकाल: ओहायो स्टेट ६२, मिशिगन ३९.

नवख्यांसाठी दोन वाक्यांत. बॉल ज्यांच्याकडं असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं. दरेक प्रयत्नाआधी बचावाचा प्रशिक्षक, म्हणजे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, ठरवतो की कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कुणाला धरायचं आणि क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास टाकणाऱ्याच्या, अंगावर कुणी धावून जायचं. सामन्यात साठसत्तर वेळा हा निर्णय घ्यावा लागतो. घरात बसून त्याला अक्कल शिकवायला आम्ही मोकळे.

आमचे कोऑर्डिनेटर डॉन ब्राउन. बॉस्टन कॉलेजहून आलेले, टोपणनाव 'डॉक्टर ब्लिट्झ' (ब्लिट्झ म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा गडी सोडणं). अडचण आली की आणखी आक्रमक व्हायचं, हे त्यांचं ब्रीद. त्यांची पद्धत सरळ होती. दरेक कॉर्नरनं, म्हणजे कडेच्या बचावपटूनं, आपापला रिसीव्हर (पास झेलणारा) अंगाला चिकटून पकडायचा, मागं राखणीला एखादाच सेफ्टी, आणि मधल्या गड्यांनी क्वार्टरबॅकवर तुटून पडायचं. समोरचा कमजोर असला की हे बघायला इतकं देखणं असतं म्हणून सांगू! बिचाऱ्या क्वार्टरबॅकला श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. तीन वर्षं आम्ही यावर टाळ्या पिटल्या होत्या.

ओहायो स्टेटच्या आक्रमणाची सूत्रं तेव्हा रायन डे यांच्याकडं होती. त्यांनी काय केलं तर एक रिसीव्हर डावीकडून आणि एक उजवीकडून, असे दोघं पाचसहा यार्डांवर मध्यभागी एकमेकांना घासून पलीकडं काढले. झालं. पाठलाग करणारे आमचे दोघं एकमेकांत अडकले किंवा एकमेकांना वळसा घालत बसले, तेवढ्यात रिसीव्हर दोन पावलं पुढं. मधले गडी तर आधीच क्वार्टरबॅकवर धावून गेलेले, म्हणजे मैदानाचा मधला पट्टा ओसाड. ड्वेन हॅस्किन्सनं छोटासा पास द्यायचा आणि पॅरिस कॅम्पबेलसारख्या वाऱ्याच्या पोरानं पळत सुटायचं.

एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी आईनं हातातली शेंग तशीच धरली आणि म्हणाली, "अरे, तो मगापासून त्याच बोळातून पळतोय. तिथं कुणीतरी उभं करा की!"

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तिला फुटबॉल कळत नसला तरी कबड्डी कळते. माझे शाळेतले सामने तिनं तालमीच्या मैदानावर मातीत बसून पाहिलेत. मी डावा कोपरा खेळायचो. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून आला की माझा पाय शिवशिवायचा, एकट्यानं झेप घेऊन घोटा धरायचा मोह व्हायचा. कधी पकड जमायची आणि मी हिरो. पण हुशार चढाईपटू दोन चढायांत ओळखायचा की हे पोरगं उतावीळ आहे. मुद्दाम पाय पुढं करायचा, मी झेपावलो की काढून घ्यायचा आणि मागं साखळी तुटलेली. आमचे सर बाहेरून ओरडायचे, "त्याला आत येऊ दे! हात सोडू नको!" आणि तिसऱ्यांदा तोच घोळ झाला की मला कोपऱ्यावरून काढून मध्ये घ्यायचे. दोन चढायांच्या मधल्या श्वासात हा बदल व्हायचा.

ब्राउनसाहेबांना हाफटाइमची अख्खी २० मिनिटं मिळाली होती. तेव्हा स्कोअर होता २४-१९. म्हणजे सामना जिवंत होता! बेसमेंटमध्ये मिसळीची दुसरी फेरी झाली, 'आता बघा, मध्ये एखादा गडी मागं ठेवतील, रिसीव्हर एकमेकांकडं सोपवतील' अशी आमची शाळा भरली. मध्ये उभं राहायचं, येणाऱ्याला दुसऱ्याच्या हवाली करायचं, 'माझा तू घे, तुझा मी घेतो' हा झोनचा, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याचा, साधा व्यवहार. चौथीतल्या पोराला कळेल.

उत्तरार्धात ओहायो स्टेटनं ३८ गुण केले. त्यातले काही आमचा पंट (लाथेनं लांब पाठवलेला बॉल) अडवून झाले, ते बचावाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. बाकीचे बरेचसे त्याच बोळातून. हॅस्किन्सचे ३९६ यार्ड आणि सहा टचडाउन पास (शेवटच्या रेषेपार गुण मिळवून देणारे), संघाचे मिळून ५६७ यार्ड. एका कॉर्नरला तर त्यांनी हेरून हेरून झोडला. त्याचं नाव लिहीत नाही. विशीतलं पोरगं होतं, त्याला दिलेलं काम त्याच्या पायांना झेपणारं नव्हतं आणि ते काम दुसऱ्या कुणीतरी दिलं होतं. त्या रात्री त्या मुलाबद्दल लोकांनी जे लिहिलं ते वाचून मला मिशिगनचा म्हणवून घ्यायची लाज वाटली.

संध्याकाळी ओहायो स्टेटच्या गावाहून, कोलंबसहून, मित्राचा मेसेज आला. ओहायो स्टेटला एमएस केलेला, पुण्याचा, एरवी पानभर लिहिणारा. फक्त '६२'.

मी गाडीच्या ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये काम करतो. आमच्याकडं एकदा आलेला दोष दुसऱ्यांदा आला तर ग्राहक विचारतो, मागच्या वेळी काय केलंत ते दाखवा. तिसऱ्यांदा आला तर विचारतही नाही, थेट विमानात बसून येतो. म्हणून मला हरण्यापेक्षा तोच दोष पुन्हा येणं जास्त लागलं. आपली पोरं कमी पडली, ठीक आहे, समोरच्यांचं सामान भारी होतं. पण तोच प्रश्न पुन्हा पुन्हा पुढ्यात येतोय आणि आपण तेच उत्तर जरा मोठ्या आवाजात देतोय, हे कसं सहन करायचं?

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी मांडेलच. कॉलेजच्या पोरांना हंगामात आठवड्याला २० तासच सराव देता येतो, तसा नियम आहे. त्यात मीटिंगा, व्हिडिओ सगळं आलं. एवढ्यात एक पद्धत घोटून घ्यायची की चार अर्धवट शिकवायच्या? ब्राउननी एक घोटली. ती सलग १० सामन्यांना पुरली, बाराव्याला पुरली नाही. आणि तो बारावाच आमच्या लेखी वर्ष होता. शिवाय २०१९ मध्ये त्यांनी ओहायो स्टेटविरुद्ध झोन थोडा जास्त खेळून पाहिला, तर जे. के. डॉबिन्सनं २११ यार्ड पळून चार टचडाउन केले. ५६-२७, तेही आमच्याच मैदानात, एक लाखाहून जास्त लोकांसमोर. एका भोकाला ठिगळ लावलं की दुसरीकडून उसवायचं.

मग २०२०. मिशिगन स्टेट रटगर्सकडून हरून आलेली, आम्ही सहज जिंकणार असं सगळे म्हणत होते. त्यांनी काय केलं? लांब पास, साइडलाइनला धरून, एकास एक पकडलेल्या कॉर्नरच्या डोक्यावरून. पुन्हा तसाच. पुन्हा तसाच. रिकी व्हाइट नावाच्या नवख्या पोरानं १९६ यार्ड कमावले आणि आम्ही २७-२४ हरलो. कोविडमुळं स्टेडियम रिकामं होतं, बरं झालं. हंगाम २-४ असा आटोपला आणि डिसेंबरमध्ये ब्राउनसाहेबांना निरोप मिळाला.

त्यांच्या जागी आला माइक मॅकडोनाल्ड, वय ३३, बाल्टिमोर रेव्हन्समधून. सुरुवातीला आम्हीच नाकं मुरडली होती, हे पोरगं काय शिकवणार म्हणून. त्याचा खेळ लपवाछपवीचा. सहा जण अंगावर येणार असं भासवायचं, चारच येणार, आणि ते चार कुठले हे बॉल सुटेपर्यंत कळणार नाही. येतोय असं दाखवणारा गुपचूप मागं सरकून नेमका त्या मधल्या बोळात उभा. २७ नोव्हेंबर २०२१, बर्फ भुरभुरत होतं, एडन हचिन्सननं तीन वेळा क्वार्टरबॅकला आडवा केला आणि आम्ही ओहायो स्टेटला ४२-२७ हरवलं. २०११ नंतर पहिल्यांदा. पोरगं तोवर हायस्कूलात गेलं होतं. ते रडलं, मीही थोडा.

मॅकडोनाल्ड वर्षभरात परत बाल्टिमोरला गेला, त्याच मुशीतला जेसी मिंटर आला. २०२२ ला कोलंबसमध्ये हाफटाइमला ओहायो स्टेट २०-१७ नं पुढं होती. उत्तरार्धात त्यांना मिळाले तीन गुण. तीन! आम्ही ४५-२३ जिंकलो. २०१८ च्या उत्तरार्धात ३८, इथं ३, मध्यंतर दोन्हीकडं २० मिनिटांचंच. (हो, त्या काळातलं समोरच्या संघांच्या खुणा चोरण्याचं प्रकरण मला माहीत आहे. शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. कोलंबसचा मित्र ते मला दर दिवाळीला शुभेच्छांसोबत आठवण करून देतो.)

आणि मग २०२४ ला बचावाच्या प्रशिक्षकाच्या जागी विंक मार्टिनडेल. पुन्हा ब्लिट्झवर जीव असलेला माणूस, पुन्हा तिसऱ्या डाउनला (चारातल्या तिसऱ्या प्रयत्नाला) सगळे अंगावर आणि मागं मोकळं रान. टेक्ससनं सप्टेंबरमध्ये ३१-१२ असं धुतलं तेव्हा आमचा ग्रुप असा पेटला की ॲडमिननं दोन दिवस मेसेज बंद केले. आता एक कबूल करतो. त्याच बंद पडलेल्या ग्रुपवर आधीच्या आठवड्यात कुठलासा ब्लिट्झ जमला तेव्हा 'वाघ आहे वाघ' असं लिहिणारा मीच होतो. ब्राउनच्या वेळीही तेच. क्वार्टरबॅक आडवा पडला की आम्ही उड्या मारणार, तोच डाव फसला की 'अक्कल गहाण टाकली का' म्हणणार. सावध झोन खेळून समोरच्याला चार यार्डांत रोखलं तर टाळी वाजवणारा चाहता मी आजवर पाहिला नाही. बेसमेंटमध्ये तर नाहीच.

त्याच वर्षी नोव्हेंबरात कोलंबसमध्ये गंमत झाली. ओहायो स्टेट आम्हाला चिरडणार असं सगळे धरून चालले होते. त्यांच्याकडं देशातले सर्वांत घातक रिसीव्हर, आणि रायन डे, तेच २०१८ चे रायन डे, आता मुख्य प्रशिक्षक, बॉल घेऊन आमच्या मधल्या दोन पहाडांवर डोकं आपटत राहिले. ग्रॅहम आणि ग्रँट तिथंच उभे होते, आणि हे तिथंच धावत होते. १३-१० आम्ही. त्या रात्री मित्राचा मेसेज पानभर आला, शेवटी 'एवढे पैसे घेतो तो माणूस, बाजूनं पास टाकता येत नाही?' मी उत्तरात आईचंच वाक्य पाठवणार होतो, थोडं उलटं करून. नाही पाठवलं. त्यांनी पुढं जाऊन त्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, त्यामुळं बरंच झालं.

आई आता येत नाही, गुडघे दुखतात. पण 'द गेम'च्या दुसऱ्या दिवशी मिरजेहून फोन ठरलेला. जेवलास का, थंडी किती, आणि मग न चुकता, "काय रे, केलं का उभं कुणाला तिथं?"

२०२५ ला आम्ही घरच्या मैदानात २७-९ हरलो. फोन आला.

"केलं होतं गं उभं. या वेळी डोक्यावरून गेला."

"मग आणि एक जण मागं ठेवायचा," ती म्हणाली, "आणि गिझर दुरुस्त झाला का तुमचा?"