वहीवर शाळेचं नाव कशाला?

मे अखेरीला दादानं सांगलीहून एका बिलाचा फोटो पाठवला. भाची यंदा पाचवीत गेली, तिच्या शाळेचा संच. पुस्तकं, प्रत्येक पुस्तकाला जोडलेलं वर्कबुक, चौदा वह्या, कव्हरांचा रोल, लेबलं. सगळं मिळून सात हजार आठशे. दुकान शाळेनंच ठरवून दिलेलं, त्यामुळे घासाघीस नाही आणि सुटं काही मिळत नाही. फोटोखाली दादानं लिहिलं होतं, ‘तुमच्याकडं जर्मनीत शाळाच पुस्तकं देते आणि वर्ष संपलं की परत घेते म्हणतीस. मग आपलं सरकार झेडपीच्या पोरांना दरवर्षी कोरी पुस्तकं फुकट वाटतंय, ती का परत घेत नाही? आमच्याच करातनं चाललंय ना ते?’

हा प्रश्न एकट्या दादाचा नाही. शाळा उघडायच्या सुमाराला आमच्या गावाकडच्या ग्रुपवर तो दरसाल येतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी परदेशाचा दाखला देतं. तो दाखला देणाऱ्यांत कधीकाळी मीही होते. आता माझं मत वेगळं झालं आहे.

मी श्टुटगार्टला राहते. लेक सहावीत आहे. तिच्या भूगोलाच्या पुस्तकाच्या आतल्या पानावर शाळेचा शिक्का आहे आणि त्याखाली तक्ता: नाव, वर्ग, शैक्षणिक वर्ष, पुस्तकाची अवस्था. तिच्या नावाच्या वर चार नावं. पहिल्यापुढे ‘नवं’, मग दोनदा ‘चांगलं’, मग ‘वापरलेलं’. आल्प्सच्या नकाशावर कुणीतरी पेन्सिलीनं वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण काढून पुसलाय, पण त्याचा वळ राहिलाय. लेक म्हणाली, ‘आई, मला धडा त्या बाणानं समजला.’ पुस्तकाला कव्हर घालणं सक्तीचं. हरवलं किंवा फाटलं तर भरपाई द्यावी लागते.

हे शाळेच्या मर्जीवर नाही. आमचं राज्य बाडेन-व्युर्टेम्बर्ग. त्याच्या राज्यघटनेच्या १४व्या कलमातच सरकारी शाळांतलं शिक्षण आणि अध्ययन साहित्य विनामूल्य असेल असं लिहिलेलं आहे. पुस्तकं मात्र सरकार छापत नाही, खासगी प्रकाशक छापतात. १८९७ सालापासून चालत आलेली क्लेट ही प्रकाशनसंस्था याच शहरातली. पुस्तकांना राज्य मान्यता देतं, मान्यता मिळालेल्यांतून शाळा निवडते. एकेका पुस्तकाची किंमत पंचवीस-तीस युरो असते, पण बांधणी अशी की पाच-सहा मुलांचे हात लागले तरी पान सुटत नाही.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. झेडपीच्या मुलांकडून पुस्तकं परत घ्यावीत का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि ते मला आप्पांच्या दुकानात मिळालं.

सांगलीत हरभट रोडजवळ आमच्या आप्पांचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. जूनमध्ये आम्ही भावंडं इयत्तेप्रमाणे संच लावून सुतळीनं बांधायचो. बालभारतीच्या पुस्तकावर दुकानदाराला थोडंच सुटायचं, खरी मिळकत गाईडची आणि वह्यांची. उसाचं बिल आलं की देतो म्हणून नेलेली उधारी दिवाळीनंतर यायची, कधी यायचीही नाही. आप्पा जुनी पुस्तकंही घ्यायचे, पाव किमतीत, आणि निम्म्या किमतीत विकायचे. एकदा एक बाई मुलाची चौथीची पुस्तकं विकायला घेऊन आल्या. आप्पांनी मोजली, पैसे काढले. बाईंनी गठ्ठ्यातलं मराठीचं पुस्तक हळूच परत ओढून घेतलं. म्हणाल्या, ‘ह्येवढं ऱ्हाऊ द्या. ह्यातलं मी वाचती.’

दुष्काळी पट्ट्यात, तोडणीच्या फडावर, वीटभट्टीवर अशी कितीतरी घरं आहेत जिथं पाठ्यपुस्तक हेच घरातलं एकमेव पुस्तक. ते मे महिन्यात शाळेनं परत मागून घ्यायचं म्हणजे त्या घरातली वाचायची एकुलती एक वस्तू काढून घ्यायची. माझ्या लेकीनं भूगोलाचं पुस्तक परत केलं तरी तिच्या खोलीत दोन फळ्या भरून पुस्तकं आहेत, चौकात वाचनालय आहे. परत करणं तिला परवडतं.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात झेडपीच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. तिथल्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचं कन्नड पुस्तक बालभारती छापते. एवढ्या थोड्या मुलांसाठी कुठला खासगी प्रकाशक छपाईला हात घालेल? १९६७ साली पुण्यात बालभारती सुरू झाली ती याचसाठी, की पुस्तक बाजाराच्या हिशेबावर सुटू नये. आज सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीपर्यंत ते फुकट मिळतं आणि मुलाच्या मालकीचं होतं. आपल्या व्यवस्थेतली ही मला सगळ्यात आवडणारी गोष्ट आहे. शिवाय पुराचं काय? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा आप्पांच्या दुकानात कागद इतका फुगला होता की गठ्ठे कप्प्यांत घट्ट बसले. पहारीनं फळ्या मोडून काढावे लागले. त्या पाण्यात परत घेतलेल्या पुस्तकांचं शाळेतलं कपाट तरी कसं वाचणार?

मालकीचा मुद्दा पटला की कोऱ्या पानांचा वादही वेगळा दिसतो. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत धड्यांमागे वहीची पानं घातली गेली. हेतू चांगला होता, दप्तर हलकं व्हावं, गरीब मुलाला वहीचा खर्च पडू नये. पण शिक्षक तेव्हाच सांगत होते की मुलं वह्या आणतातच. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं निर्णय मागे घेतला. चर्चा झाली ती वजनाची आणि खर्चाची. माझं दुखणं दुसरंच होतं. पुस्तकात लिहिलं की ते पाठच्या भावंडाच्या कामाचं राहत नाही. पुस्तक हे पुस्तक आणि वही ही वही. ती एकमेकांत मिसळली की दोन्ही एका वर्षात रद्दीत जातात.

हीच मिसळ दादाच्या बिलात आहे, फक्त इथं ती धंदा म्हणून केलेली आहे. आम्ही वरच्या वर्गातल्या मुलांची पुस्तकं निम्म्या किमतीत घेऊन शिकलो. अभ्यासक्रम बदलेपर्यंत एक पुस्तक तीन-चार घरं फिरायचं. आता पुस्तकाला वर्कबुक चिकटलेलं, त्यात रिकाम्या जागा भरायच्या, जोड्या लावायच्या. एकदा भरलं की संपलं. उरलंसुरलं पुस्तक पुढच्या वर्षी नव्या आवृत्तीत येतं, दोन धडे मागेपुढे झालेले असतात आणि पान क्रमांक जुळत नाहीत. भाचीच्या मागच्या वर्षीची अकरा पुस्तकं माळ्यावर पडून आहेत. चौथीत जाणारी पोरगी शेजारच्याच घरात आहे, त्याच शाळेत, आणि तिला त्यातलं एकही चालत नाही.

दादा, पुस्तकं परत घ्यायची पद्धत आणायची असेल तर ती इथं आण. ज्या घरांना सात हजारांचा संच घ्यावा लागतो, ज्या शाळेकडे कपाटं आहेत, ग्रंथपाल आहे आणि फी आहे, तिथं शाळेनं पुस्तकं एकदा विकत घ्यावीत आणि पाच वर्षं वापरायला द्यावीत. आतल्या पानावर तक्ता छापायला काय लागतं?

जर्मनीतून उचलावी अशी दुसरी गोष्ट आहे ती वहीची. इथं पहिलीच्या मुलाला लागते ती १ नंबरच्या रेघांची वही, दुसरीला २ नंबरची. रेघांमधलं अंतर नंबरावरून ठरलेलं. शाळा यादीत नुसता नंबर लिहिते आणि कुठल्या विषयाला कुठल्या रंगाचं कव्हर ते सांगते. मग मी ती वही कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून घेईन नाहीतर मोठ्या स्टेशनरीतून, कुठल्याही कंपनीची. आपल्याकडे हे पूर्वीपासून आहेच की! दुरेघी, चौरेघी, एकरेघी, चौकटीची. आप्पांच्या दुकानात पोरं यायची ती ‘काका, चौरेघी द्या’ म्हणत. कंपनीचं नाव कुणी घेत नसे. भाचीची वहीसुद्धा चौरेघीच आहे, पण पुठ्ठ्यावर शाळेचं नाव आणि बोधचिन्ह छापलेलं. तेवढ्या छपाईनं ती वही फक्त एका दुकानात मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. त्याचा फायदा पालकापर्यंत पोचला का हे बघायचं तर तुलना करायला दुसरी वही तरी मिळायला हवी.

परदेशात सगळं सुरळीत आहे असं मात्र कुणी समजू नये. नेदरलँड्समध्ये माध्यमिक शाळेची पुस्तकं २००९ पासून पालकांना फुकट आहेत. तिथं राहणारी माझी मैत्रीण सांगते की शाळा आता परत घ्यायच्या पुस्तकांऐवजी लिहून टाकायची वर्कबुकं आणि वर्षाचं डिजिटल लायसन्स असा जोडसंच घेतात, आणि खर्च सरकार करतंय म्हणून पालक काही बोलत नाहीत. बिल पालकाच्या हातात पडलं नाही तरी वर्कबुक रद्दीतच जातं.

सांगलीत निदान बिल तरी दादाच्या हातात आहे. महाराष्ट्रात २०११च्या फी नियमन कायद्यानुसार खासगी शाळांत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावीच लागते आणि तिच्यात पालक असतात. फीवर तिथं बोलतात, तसं संचावरही बोलता येईल. यादी एप्रिलमध्येच द्या, दुकानाचं नाव घालू नका, वर्कबुक वेगळं विका, वही कुठूनही घेऊ द्या.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, ‘बाकीचं र्‍हाऊ दे. वहीवर शाळेचं नाव कशाला, एवढंच विचारतो. पण एकटा नाही विचारणार. एकट्यानं विचारलं की पोरीला वर्गात उभी करतील. चौघं-पाचजणं मिळून जातो.’ शेजारच्या मुलीच्या वडिलांशी तो त्याच संध्याकाळी बोलला. शनिवारी पालकसभा आहे.