लेझर केळीच्या पानातून आरपार जात नाही, भाऊ

"विमानातून लेझर मारला की तो झाडं, पिकं, पाणी सगळं भेदून थेट जमिनीला भिडतो. मशीन आपोआप सेंटीमीटरपर्यंत अचूक नकाशा काढतं. आता मोजणीवाल्याची गरजच नाही." पूररेषेचा विषय निघाला की तापीकाठच्या ग्रुपांवर हा मेसेज हमखास येतो. रावेर-यावलच्या माणसानं तरी तो पुढे ढकलण्याआधी आपल्याच केळीच्या बागेत उभं राहून एकदा वर बघावं.

लेझर पान भेदत नाही. फटी सापडल्या तरच खाली उतरतो. हजार मीटरवरून सोडलेला किरण जमिनीपर्यंत येईतो तीस-पन्नास सेंटीमीटर रुंद होतो. थोडा पानावर आपटतो, उरलेला खाली जातो, म्हणून एकाच किरणाचे दोन-तीन परतावे, म्हणजे आपटून परत आलेले झोत, मिळतात. शेवटचा परतावा म्हणजे जमीन, हा समज चुकीचा. तो फक्त त्या किरणाला लागलेला सगळ्यात खालचा अडथळा. सातपुड्यातला साग चैत्रात उघडा पडलेला असतो, कपाशीही उपटून झालेली असते, तेव्हा उडालं तर जमीन छान सापडते. केळीचं तसं नाही. पाच बाय पाच फुटांवरची, मृगात लावलेली बाग निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, आली की भरदुपारी सरीत अंधारून येतं. जिथे ऊन पोचत नाही तिथे लेझर कुठून पोचणार?

पाण्याचं तर सोडाच. जमिनीसाठी वापरतात तो लेझर अवरक्त, बहुधा 1064 नॅनोमीटरचा. पाणी तो गिळतं. 532 चा हिरवा लेझर उथळ, नितळ पाण्यात तळ गाठतो, पण पावसाळ्यातल्या गढूळ तापीत त्याचंही काही चालत नाही.

खरी गंमत 'आपोआप' या शब्दात आहे. विमान जमीन आणत नाही, कोट्यवधी ठिपके आणतं, प्रत्येक परताव्याचा एक. त्यातले जमिनीचे कोणते, हे नंतर ठरवावं लागतं. एक पद्धत अशी: ठिपक्यांचा ढग उलटा करायचा आणि संगणकातच त्यावर एक चादर सोडायची. चादर जिथे टेकेल ती जमीन. उलट्या ढगात बांध म्हणजे अरुंद खाच. चादर ताठ ठेवली तर ती खाचेवरून तशीच जाते आणि बांध नकाशातून गायब. मऊ ठेवली तर ती केळीच्या पानांपर्यंत उतरते, आणि सपाट बाग दोन मीटर उंच ओटा होऊन बसते. मग पुराच्या नकाशात तीच बाग कोरडी दिसते! चादर किती ताठ, हे माणूसच ठरवतो.

सेंटीमीटरची अचूकता? डांबरी रस्त्यावर पाच-दहा सेंटीमीटरपर्यंत येते, मान्य. पण विमानातली उंची उपग्रहाच्या मापातली, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्याकडे या दोन मापांत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशेच्या आसपास. कच्च्या आकड्यात ते दीडशेच्या आसपास दिसतं. हे रूपांतर चुकलं तर पूररेषा कुठल्या कुठे जाते.

राहिला मोजणीवाला. हद्द लेझरला दिसत नाहीच, ती कागदावर असते. आणि सर्वेक्षणाच्या अहवालात सगळे तपासबिंदू, म्हणजे अचूकता पडताळायला जमिनीवर मोजलेल्या जागा, हायवेवर आणि शाळेच्या मैदानात घेतलेले असतील, तर तो सुंदर आकडा हायवेचा आणि मैदानाचा. बागेतला आकडा बागेतच घ्यावा लागतो. तिथे पानांमुळे आभाळ दिसत नाही, जीपीएसही रुसतो. मग बांधावर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावायचं, आणि प्रिझमची काठी घेऊन कुणीतरी चिखलात, ठिबकच्या नळ्या चुकवत सरीत शिरायचं.