काटा निम्म्यावर म्हणजे गॅस निम्मा? सीओटूच्या सिलिंडरला हे लागू नाही

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांपासून निपाणी-चिकोडीच्या वेल्डिंग दुकानांपर्यंत एक मेसेज फिरतोय: ‘भरपूर दाब दिला की कुठलाही वायू द्रव होतो, म्हणून भरलेल्या प्रत्येक सिलिंडरमध्ये द्रवच असतो. गेजचा काटा निम्म्यावर आला की माल निम्मा उरला. रेग्युलेटरवर बर्फ धरला तर गॅसमध्ये पाणी आहे.’

पहिली गोष्ट थॉमस अँड्र्यूज या शास्त्रज्ञानं १८६९ सालीच खोडून काढली. कार्बन डायऑक्साइड, म्हणजेच सीओटू, ३१ अंशांच्या वर कितीही दाबा, द्रव वेगळा पडत नाही. हे त्याचं क्रांतिक तापमान. ऑक्सिजनचं उणे ११८.६, नायट्रोजनचं उणे १४७. म्हणजे १५० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेल्या सिलिंडरमध्येही ऑक्सिजन वायूच. फक्त दाटीवाटीनं कोंबलेला. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी येणाऱ्या कॅनमध्ये नायट्रोजन द्रव असतो खरा, पण तो उणे १९६ अंशांच्या थंडीमुळे. त्या कॅनचं झाकण मुद्दाम सैल ठेवतात, म्हणजे आत दाब साठतच नाही. घरच्या एलपीजीला मात्र थोडा दाब पुरतो: प्रोपेनचं क्रांतिक तापमान ९७, ब्युटेनचं १५२.

खरं नुकसान होतं ते गेजच्या गोष्टीनं. ऑक्सिजनला ती साधारण चालते. सीओटूला नाही, कारण ३१ अंशांच्या खाली भरलेल्या सिलिंडरमध्ये तो बराचसा द्रव असतो. आत थोडाही द्रव असेल तोवर २० अंशांना गेज ५७ बारच दाखवणार. ४५ लिटरच्या सिलिंडरमध्ये ३० किलो भरला असेल, तर काटा कायमचा उतरू लागतो तेव्हा जेमतेम ९ किलो उरलेला असतो. सलग ओढ घेतली की द्रव गार होऊन काटा आधीच पडतो आणि जेवणाच्या सुट्टीनंतर पुन्हा वर येतो; तोही फसवाच. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा, खांद्यावर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा.

एप्रिलच्या उन्हात तर गेज उलटंच बोलतं. असा भरलेला सिलिंडर २७-२८ अंशांनाच फुगलेल्या द्रवानं काठोकाठ भरतो. पुढे दाब झपाट्यानं चढतो, ४० अंशांना १०० बारच्या पलीकडे. माल तेवढाच. सावलीत ठेवा.

बर्फाचं म्हणाल तर प्रसरण पावताना सीओटू गार होतो आणि बाहेर गोठते ती हवेतली वाफ, पावसाळ्यात जास्तच. गॅसमध्ये पाणी कधीच नसतं असं नाही, पण त्याचा माग वेल्डमधल्या भोकांवरून काढावा. आत कोरडा बर्फ अडकून प्रवाह तुटक झाला तर रेग्युलेटरचा हीटर चालू आहे का बघा. बंद असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं रेग्युलेटरला गुंडाळा. गॅसच्या टॉर्चची ज्योत लावू नका.