कॉर्टिसॉल विष नाही. स्टिरॉइडची गोळी परस्पर बंद करू नका

‘कॉर्टिसॉल म्हणजे शरीरात साचणारं विष. सकाळी ते सर्वाधिक असतं, म्हणून उठल्याउठल्या डिटॉक्स करा. स्टिरॉइडच्या गोळ्या म्हणजे तेच विष, आजच थांबवा. दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून ताठ उभं राहा, कॉर्टिसॉल उतरेल. टेस्टोस्टेरॉन वाढलं की माणूस भांडखोर होतो.’ हा फॉरवर्ड संधिवातासाठी वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन घेणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. तिने विचारलं, “अगं, मग सोडू का गोळी?” मी हार्मोन आणि वर्तन हाच विषय शिकवते. हे वाचून डोकं फिरलं.

आधी गोळीचं. कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींत बनणारं हार्मोन. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइडची गोळी त्याचंच काम करते. बाहेरून दीर्घकाळ स्टिरॉइड मिळालं की मेंदूकडून ॲड्रिनल ग्रंथींना जाणारा निरोप मंदावतो आणि त्या कॉर्टिसॉल बनवणं जवळपास सोडून देतात. अशात गोळी एकदम थांबवली तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात. थॉमस ॲडिसन यांनी 1855 साली या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचं वर्णन केलं. ती माणसं खंगत जाऊन मरत. आज तसे रुग्ण याच ‘विषा’च्या रोजच्या गोळीवर जगतात, कामाला जातात.

सकाळी कॉर्टिसॉल जास्त असतं, हे खरं. ते पहाटे वाढतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात आणखी चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. निरोगी शरीराची लय अशीच असते. साचण्याचं म्हणाल, तर यकृत त्याचं विघटन करतं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. डिटॉक्स कशाचा करायचा?

कमरेवर हात ठेवण्याचा दावा 2010 च्या, 42 जणांवरच्या प्रयोगातून आला. 2015 मध्ये 200 जणांवर तो पुन्हा केला, हार्मोनमध्ये फरक दिसला नाही. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच 2016 मध्ये आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. विषय संपला.

टेस्टोस्टेरॉन या ‘पुरुषी’ म्हणवल्या जाणाऱ्या हार्मोनचं तर उलटंच निघालं: 2010 च्या एका प्रयोगात ते दिलेल्या स्त्रियांनी पैशांची वाटणी जास्त न्याय्य केली. आपल्याला ते मिळालंय असं नुसतं वाटलेल्या मात्र जास्त स्वार्थी वागल्या.

महिनोन्महिने चालणारा ताण झोप, स्मरणशक्ती, रक्तदाब बिघडवतो, एवढं मान्य करावंच लागेल. पण त्यासाठी ताणाचं कारणच दूर करावं लागतं.

हा मजकूर ज्यांनी पुढे ढकलला, त्यांनी निदान गोळीची ओळ चुकीची आहे एवढं त्याच ग्रुपवर लिहावं. कुणी गोळी थांबवली असेल, तर आत्ताच डॉक्टरांना फोन करा.