‘भाऊंनी दिलेला’ रस्ता आणि गट्टूची जाडी

नागपुरातल्या लेआउटांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. वस्ती बदलली की भाऊंचं नाव बदलतं, मजकूर तोच. ‘भाऊंनी स्वतःच्या निधीतून आपल्याला रस्ता दिला. भाऊ पगाराचा रुपयाही घरी नेत नाहीत. मोठमोठे हिरो भाऊंच्या एका फोनवर धावत येतात. चौकातले बॅनर हे जनतेचं प्रेम आहे. माहिती अधिकार टाकून कामं अडवणारे सगळे ब्लॅकमेलर. ज्याचं खाल्लं त्याला जागा!’ आईला आला, मावशीला आला, दोघींनी हात जोडलेली चित्रं लावून पुढे ढकलला. खाल्लं म्हणे! वाढलं कोणी आणि किराणा कोणाचा होता, एवढं तरी बघू.

‘स्वतःच्या निधीतून.’ सगळी गोम या दोन शब्दांत आहे. खासदार निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला आणि 2011-12 पासून तो वर्षाला 5 कोटी रुपये आहे. पैसा केंद्राच्या तिजोरीतला. तो खासदाराच्या खात्यात कधीच जात नाही. कामाला मंजुरी जिल्हा प्रशासन देतं आणि बिल ठेकेदाराला मिळतं. आमदार निधीचंही तेच, फक्त तिजोरी राज्याची. लोकप्रतिनिधीचं काम एक पत्र देण्याचं: अमुक गल्लीत अमुक काम घ्यावं. पुढे अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश अशी फाइल टेबलावरून टेबलावर सरकते आणि प्रत्यक्ष काम महापालिका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा बांधकाम विभाग करून घेतो.

हे माझं मत नाही. खासदार निधीला आव्हान दिलेल्या भीम सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने 6 मे 2010 ला निकाल दिला. योजना वैध ठरली, पण कशाच्या जोरावर? खासदार फक्त शिफारस करतो, मंजुरी आणि अंमलबजावणी प्रशासनाकडे असते, या जोरावर. निधी खरोखरच ‘भाऊंचा स्वतःचा’ असता तर योजनेचा बचाव करणंच अवघड होतं. म्हणजे भाऊंचं कौतुक करता करता हा मेसेज त्यांच्या निधीखालची सतरंजीच ओढतोय. त्याआधी 2007 मध्ये दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने शासनातील नैतिकतेवरच्या अहवालात खासदार निधी आणि आमदार निधी दोन्ही बंद करावेत अशी शिफारस केली होती. ती कोणत्याही सरकारने मानली नाही. मानणार तरी काहून?

एक गोष्ट मान्य करतो, जरा नाइलाजानेच. शिफारस करणं हेही काम आहे. फाइल अडली की फोन करणारा, पाठपुरावा करणारा लोकप्रतिनिधी आणि झोपा काढणारा यांत फरक असतो. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कामाच्या जागी खासदाराच्या नावाची कायमस्वरूपी पाटी लावायला सांगितलंय, तेही खरं. पण त्याच पाटीवर आणखी काय हवं? योजनेचं नाव, कामाचा खर्च, काम सुरू झाल्याची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख, लोकार्पणाची तारीख. आता आपल्या गल्लीतली पाटी बघा. नाव हातभर अक्षरात, सोबत हसरा फोटो. खर्च सापडला तर सांगा.

हा निव्वळ शब्दांचा वाद नाही. देणगी म्हटलं की हमी विसरली जाते, आणि खरं नुकसान तिथे होतं. गल्लीतले गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉकच घ्या. त्यांच्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस 15658. हलक्या वाहतुकीला 60 मिमी जाडीचा, एम-35 ताकदीच्या काँक्रीटचा गट्टू. मध्यम वाहतुकीला 80 मिमी, एम-40. अंदाजपत्रकात 80 लिहिला आणि जागेवर 60 बसला, तर वरून कोणालाच दिसत नाही. 100 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद गल्ली म्हणजे 300 चौरस मीटर. 80 मिमीला 24 घनमीटर काँक्रीट लागतं, 60 मिमीला 18. सहा घनमीटरचा फरक, म्हणजे एक भरलेला मिक्सर ट्रक. पाव माल गायब आणि वर भाऊंचा सत्कार!

मोजायला इंजिनियर लागत नाही. गटाराच्या झाकणाशी किंवा रस्ता संपतो त्या कडेला एखादा गट्टू सुटलेला असतोच. तो काढा, बाजूने पट्टी लावा. एकावर विसंबू नका, वेगवेगळ्या ठिकाणचे सात-आठ मोजा, पट्टी दिसेल असे फोटो काढा. मानकाप्रमाणे 3 मिमी कमी-जास्त चालतं, तेव्हा 78 भरला म्हणून बोंब ठोकू नका. 62 भरला तर ठोका. मग खाली बघा. दाबून बसवलेला खडीचा थर हवा, त्यावर 20 ते 40 मिमी वाळू. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खडीचा थर न देता मातीवरच वाळू पसरली की पहिल्याच पावसाळ्यात चाकांच्या दोन नाल्या पडतात. दोन्ही कडांना घट्ट बसवलेला कर्ब, म्हणजे कडेचा दगड, नसेल तर वाळू बाजूने वाहून जाते आणि गट्टू पसरतात, दात हलल्यासारखे.

हे झालं तर दुरुस्ती कोणी करायची? ठेकेदाराने, फुकटात. निविदेत दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड ठेकेदाराने निस्तरायची मुदत, लिहिलेला असतो आणि तो संपेपर्यंत ठेकेदाराची अनामत रक्कम अडकलेली असते. पण रस्ता ‘भाऊंनी दिलेला’ असला की लोक ठेकेदाराकडे जात नाहीत, भाऊंकडे जातात. भाऊ उदार मनाने पुन्हा निधी देतात, पुन्हा नारळ फुटतो, ठेकेदाराची अनामत सुखरूप परत. एकाच गल्लीचे दोनदा पैसे, दोन्ही वेळा आपलेच, आणि आभारही दोनदा.

‘पगार घेत नाहीत.’ चांगलं आहे, पण त्याने काय सिद्ध होतं? सचिन तेंडुलकर 2012 ते 2018 राज्यसभेत नियुक्त सदस्य होते. मुदत संपल्यावर त्यांनी पगार-भत्त्यांचे सुमारे 90 लाख रुपये पंतप्रधान मदत निधीला दिले. दिलदारपणाच. पण सभागृहातली त्यांची हजेरी दहा टक्क्यांच्याही खाली होती. बॅटवर माझंही प्रेम आहे, म्हणून काय हजेरीपट बदलतो? पगार सोडणं हा दानधर्म, काम हा वेगळा रकाना. भाऊंची ऐपत मोजायची असेल तर दोन निवडणुकांची शपथपत्रं, म्हणजे फॉर्म 26, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवा आणि स्थावर मालमत्तेची पानं शेजारी ठेवून वाचा.

‘हिरो धावत येतात.’ येतात ते बहुधा मानधन ठरवून, विमानाचं तिकीट आणि हॉटेल घेऊन. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत झळकणाऱ्या नटाला ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 21 खाली 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. हा कायदा तेला-साबणाला लागू आहे, नेत्यांना नाही. साबणापेक्षा नेत्याची हमी घेणं स्वस्त, एवढाच त्या स्टेजचा अर्थ.

बॅनरचं थोडक्यात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की वर्धा रोडपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत जे प्रेम लटकतं, त्यालाही महापालिकेची परवानगी लागते. विनापरवानगी फलक हा 1995 च्या विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा आहे: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 2000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये महापालिकांना यावरून चांगलंच सुनावलं होतं. बॅनरच्या कोपऱ्यात परवानगीचा क्रमांक आणि मुदत शोधा. नसेल तर ते प्रेम बेकायदा आहे. गंमत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी हेच शहर बडग्यांवर, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर, पुढाऱ्यांची टिंगल लिहून मिरवणूक काढतं, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणतं, आणि तिसऱ्या दिवशी त्याच चौकात वाढदिवसाचा बॅनर बांधायला दोरी धरतं.

राहिले ‘ब्लॅकमेलर’. माहिती काढून ठेकेदाराकडून पैसे उकळणारे आहेत, नाही कोण म्हणतंय? पण त्यांचं दुकान चालतं ते माहिती दडवलेली असते म्हणून. कागद पाटीवर आणि संकेतस्थळावर असेल तर विकणार काय? तोवर माहिती अधिकाराचा अर्ज आपणच टाकायचा. महाराष्ट्रात अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, नाहीतर तेवढ्यावरून परत येतो. ‘भ्रष्टाचार का झाला?’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: मंजूर अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं त्यात लिहितात) संबंधित पानं, अंतिम देयक, दोषदायित्व कालावधीची अट. प्रतीला पानामागे 2 रुपये. मंजुरीचे कागद जिल्हा नियोजन कार्यालयात मिळतील, मोजमाप पुस्तक काम करून घेणाऱ्या यंत्रणेकडे असतं, म्हणून अर्ज दोन करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, 20 रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं.

आणि एक तरतूद बहुतेकांना ठाऊकच नसते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(जे) मध्ये कागदांसोबत कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकारही आहे. म्हणजे अधिकाऱ्यासमोर गट्टू उचलायचा, मोजायचा आणि सही-शिक्क्यासह घरी आणायचा. मावशीच्या अर्जात हा मुद्दा सगळ्यात वर टाकलाय.