गाण्याला भाषा असते

"संगीताला भाषा नसते" हे वाक्य मी स्वतः कितीदा बोलले असेन. विशेषतः 'मुन्बे वा' या तमिळ गाण्याबद्दल. एक शब्द कळत नाही तरी डोळे भरून येतात, असं मी दहा वर्षं सगळ्यांना अभिमानाने सांगत होते. आज ते वाक्य मी मनापासून मागे घेते आहे.

'सिल्लुनु ओरु कादल' हा चित्रपट २००६ सालचा. सूर्या आणि ज्योतिका यांचा मुंबईत संसार आहे, आणि बायकोच्या हाती नवऱ्याची जुनी डायरी लागते. 'मुन्बे वा' हे त्या डायरीतल्या प्रेमाचं गाणं, सूर्या आणि भूमिका चावला यांच्यावर चित्रित झालेलं. संगीत ए. आर. रहमान यांचं. आवाज श्रेया घोषाल आणि आपल्या मुंबईत वाढलेला नरेश अय्यर यांचे. श्रेयाला या गाण्यासाठी तमिळनाडू सरकारचा पुरस्कारही मिळाला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मला गाणं खरं कळलं ते डोंबिवलीत, आमच्या वरच्या मजल्यावरच्या तमिळ मामींमुळे.

मामी पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठाने कोलम काढायच्या. आधी ठिपके, मग त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ. एका संध्याकाळी मी गाणं लावलं होतं, त्या आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "काय गातायत ते कळतं का ग तुला?" मी नेहमीचं वाक्य सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "परत लाव. पहिल्यापासून."

मध्ये बायकांचा कोरस येतो ना, रंगो रंगोली? मला तो नुसता गोड ताल वाटायचा. मामी म्हणाल्या, त्या बायका आशीर्वाद देतायत. कोलम काढणाऱ्या पोरीचे हात सुखी राहोत, म्हणतायत. बांगड्यांसाठी शब्द आहे वळैयल, ठिपक्यांसाठी पुळ्ळी. दोन्हीत आपला ळ आहे! मला आमची ठिपक्यांची रांगोळी आठवली, रांगोळीचा डबा आठवला, आणि आईची दोन बोटं. दोघांच्या प्रेमगीतात मधेच एक अख्खी गल्ली येऊन त्या मुलीच्या हातांना दुआ देऊन जाते, आणि मी दहा वर्षं तिथे फक्त ठेका धरत होते.

मग फुलांचं कडवं. तमिळमध्ये पू म्हणजे फूल आणि पूवै म्हणजे तरुणी. कवी या दोन शब्दांना असं काही गुंफतो की कानाला नुसती फुलंच ऐकू येतात. अर्थ मात्र असा की तू या फुलासारखीला फूल माळलंस आणि तिच्या आत आग लावलीस. हे भाषांतरात मरतं. मामींनी हाताने फूल माळल्याची खूण करून दाखवली तेव्हा मला ते कळलं.

पुढे गाण्यातला प्रियकर म्हणतो, चंद्राकडून भाडं घेऊन त्याला डोळ्यांच्या घरात बिऱ्हाड करू द्यायचं का? आणि लगेच शंका: आपण दोघं राहतो त्या घरात तिसरं कुणी आलेलं चालेल का? भाड्याच्या खोलीत संसार सुरू केलेल्या कुणालाही विचारा ही ओळ कुठे लागते ते.

हे लिहिणारा कवी कोण? वाली. जन्म १९३१चा. म्हणजे चित्रपट आला तेव्हा ते पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर होते. तमिळ नट एम. जी. आर. यांच्यासाठी लिहिलेल्या त्यांच्या गाण्यांवर मामींची तरुणाई गेली. (चित्रकलेची आवड म्हणून 'माली' या चित्रकाराच्या नावावरून त्यांना 'वाली' हे नाव मिळालं.) तमिळ माणसं त्यांना 'तरुण कवी' म्हणत. २०१३ साली ते गेले. आपण गाणं पुढे पाठवताना रहमान लिहितो, श्रेया लिहितो, सूर्या लिहितो. वाली कुणीच लिहीत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि आता ज्या ओळीसाठी ही एवढी मोठी पोस्ट लिहायला बसले ती. शेवटाकडे येतं की पाणी आणि तांबडा चिखल एकमेकांत मिसळावेत तसे आपण मिसळलो. मी रत्नागिरीकडची. जांभ्या दगडाची घरं, तांबडी माती आणि मिरगाच्या पहिल्या सरीनंतर पाणंदीतून वाहणारं लाल पाणी. त्या पाण्यातून माती वेगळी काढून दाखवा कुणी! मामी म्हणाल्या, ही उपमा वालींच्याही फार आधीची आहे. संगम काळातल्या, म्हणजे प्राचीन तमिळ कवितांच्या, 'कुरुंतोगै' या संग्रहात चाळिसावी कविता आहे. तुझी आई माझ्या आईची कोण, तुझे वडील माझ्या वडिलांचे कोण, आपण तरी एकमेकांना कुठे ओळखत होतो. पण तांबड्या मातीवर पडलेल्या पावसासारखी आपली मनं एक झाली. कवीचं खरं नाव हरवलं. त्या उपमेवरूनच त्याला ओळखतात, 'तांबड्या मातीवरच्या पावसाच्या पाण्याचा कवी'.

आपल्याकडे हाल राजाची 'गाथासप्तशती' आहे, महाराष्ट्री प्राकृतातल्या जुन्या कवितांची. तिच्यातल्या आणि संगम कवितेतल्या प्रेमाच्या प्रतिमा किती जवळच्या आहेत हे अभ्यासकांनी दाखवून दिलंय. म्हणजे ज्या गाण्याची भाषा मला परकी वाटत होती, त्याच्या ओळीतली माती माझ्या अंगणातली निघाली. आणि मी म्हणत होते, भाषा नसते.

मामी आता मुलाकडे कोइंबतूरला असतात. या जूनमध्ये गावी पहिला पाऊस लागला तेव्हा अंगणातून वाहणाऱ्या लाल पाण्याचा व्हिडिओ काढून त्यांना पाठवला. सोबत काहीच लिहिलं नाही. रात्री उत्तर आलं, मराठीत, दोनच शब्दांचं.

"कुरुंतोगै चाळीस."